नदी फुटायच्या आधी

४ सप्टेंबर

आज पहिल्यांदा या घरातून शाळेत गेले. पाचवीच्या वर्गात तुयारा खिडकीजवळच्या बाकावर बसते. हजेरी घेताना तिचं नाव आलं तेव्हा माझाच आवाज बदलला. ती उभी राहिली, "हजर, बाई" म्हणाली आणि बसली. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "घरी बाई म्हणू नकोस गं. ओग्दो मावशी म्हण." तिने मान हलवली. जेवताना म्हणाली, "बाई, मीठ द्या."

घरात आम्ही चौघं. स्पिरिदोन, माझा नवरा, सरकारी शेतीचा ट्रक चालवतो. तुयारा त्याची मुलगी, अकरा वर्षांची. आणि एबे, म्हणजे आजी. ती स्पिरिदोनची आई नव्हे, त्याच्या पहिल्या बायकोची आई. मुलगी गेली तरी म्हातारी जावयाच्या घरातच राहिली, कारण नात इथे आहे आणि गाय इथे आहे. स्पिरिदोनने लग्नाआधी हे सगळं सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, त्यात अडचण काय. आता अडतिसाव्या वर्षी मी एका बाईच्या घरात, तिच्या आईच्या डोळ्यांदेखत, तिची कढई वापरते आहे.

लुकेर्या दोन वर्षांपूर्वी वसंतात वारली. आजारी होती, एवढंच स्पिरिदोन म्हणाला. मी पुढे विचारलं नाही.

२७ सप्टेंबर

एबे मला नावाने हाक मारत नाही. 'उत्तरवाली' म्हणते. मी याना नदीकडची, वेर्खोयान्स्कच्या बाजूची, म्हणून. आज पाईप ओढत म्हणाली, "तुमच्याकडे माणसं कमी बोलतात म्हणे. तोंड थिजतं, की बोलायलाच काही नसतं?"

मी म्हटलं, "तुम्ही इथे ज्याला थंडी म्हणता ना एबे, त्याला आमच्याकडे जरा गारवा म्हणतात."

"मग तो फरचा कोट का घालून आलीस?"

"तुमच्या या चारांग गावाला वाईट वाटू नये म्हणून."

ती हसली नाही, पण पाईपचा धूर जरा वेडावाकडा बाहेर आला.

वर्गात काळ्या मातीचा प्रदेश शिकवला. म्हटलं, तिकडे कितीही खणलं तरी इथल्यासारखा खाली बर्फ लागत नाही, मातीच माती. मुलं माझ्याकडे अविश्वासाने बघत राहिली. एकीने विचारलं, "मग घरं कशावर उभी राहतात?" तुयाराने हात वर केला. "बाई, मग ते उन्हाळ्यात मांस कुठे ठेवतात?" वर्गात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी उत्तर जरा जास्तच लांबवलं.

३० ऑक्टोबर

तळ्याचा बर्फ पुरेसा जाड झाला. सगळं गाव पिण्याच्या पाण्याचा बर्फ कापायला उतरलं होतं. स्पिरिदोन कुऱ्हाडीने आणि पहारीने लादी सुटी करायचा, आम्ही ती आकड्याने ओढून घसरगाडीवर चढवायचो. निळसर, आरपार दिसणाऱ्या लाद्या. एकीत पाणवनस्पतीचं एक पान जसंच्या तसं अडकलेलं होतं. आता अंगणात कुंपणाला लागून भिंत उभी आहे. हिवाळाभर तीच वितळवून प्यायची.

स्पिरिदोन काम करताना शीळ घालतो. मला बघून थांबतो. मी म्हटलं, थांबू नकोस. तर लाजला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

१४ नोव्हेंबर

काल मुन्खा झाली, बर्फाखालून मोठं जाळं ओढायची सामुदायिक मासेमारी. जाळं वर आलं तेव्हा भोकाभोवती मासे पिठाच्या गोणीसारखे ओतले गेले आणि उडता उडताच गोठले. घरोघरी वाटा गेला. एबेने इथल्या पद्धतीने आख्खे मासे, आतलं काही न काढता, उकळायला ठेवले. पहिला घोट तिने चुलीतल्या विस्तवाला दिला, दुसरा मला. वास नाकात गेला आणि मी गोठ्यामागे पळाले.

लाज वाटली. आम्ही नदीचे मासे खाणारे. या तळ्याच्या माशांना चिखलाचा वास येतो, पण म्हणून यजमानाचं पहिलं वाढणं ओकून टाकायचं? परत आले तर एबे माझ्याकडे बराच वेळ बघत होती. डोळे बारीक करून, गाय विकत घेताना बघतात तसं. तेव्हापासून घरात मासा शिजलेला नाही. रागावली आहे.

२ डिसेंबर

मी या घरात नको आहे, हे आता स्पष्ट लिहून ठेवते.

एबेने बर्फ फोडायची कुऱ्हाड लपवली. मी विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचीय?" म्हणजे घरातल्या वस्तूंना मी हातही लावू नये. बादली मी उचलली की तुयारा काढून घेते. कढई तर कधीच गेली, स्वयंपाक आता म्हातारीच करते. मला रोज शिंगराचं काळीज, अर्धं कच्चं, आणि वाडगाभर घट्ट साय. संपेपर्यंत समोरून उठत नाही. बाकीचे साधं कालवण खातात. पाहुणीला पाहुणीच ठेवायचं असेल तर याहून चांगली तऱ्हा नाही.

आणि तुयारा पाळत ठेवते. सकाळी मी शाळेला निघाले की मागून निघते. धुकं इतकं दाट असतं की पुढचा खांब दिसत नाही, पण तिच्या बुटांखाली बर्फ करकरतो तो ऐकू येतो. मी थांबले की तो थांबतो. एकदा म्हटलं, "बरोबरच चल की." तर म्हणाली, "नको बाई, मी मागूनच ठीक आहे."

पोट बरं नाही. थकवा येतो. महिनेही चुकले आहेत. थोरल्या बहिणीचं असंच लवकर थांबलं होतं. म्हातारपण असं आडवाटेने येतं तर.

१९ डिसेंबर

गावच्या नर्स सोफ्याकडे गेले, पोटासाठी पावडर मागायला. तिने तपासलं आणि हसत सुटली. "भूगोलाच्या बाई, तुम्हाला सगळ्या जगाचा नकाशा पाठ आहे आणि हे कळलं नाही?"

जूनच्या सुरुवातीला, म्हणाली.

तिथल्या बाकावर किती वेळ बसले, आठवत नाही. घरी येऊन सांगितलं. स्पिरिदोन उठला, कोट न घालता बाहेर गेला आणि लाकडं फोडत बसला. हिवाळ्याची सगळी लाकडं सप्टेंबरातच फोडून झाली आहेत. तरी फोडत होता. तुयाराने वही मिटली आणि एबेच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. एबे म्हणाली, "मला माहीत आहे. साय खा."

एवढंच. आनंदाचा एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. मी इतक्या वर्षांनी, आशा सोडल्यावर, अशी बातमी घेऊन या घरात आले आणि घर असं झालं, जणू मी कुणी गेल्याची खबर आणली.

मला मात्र आनंद झाला आहे. इथे लिहिते, म्हणजे कुठेतरी लिहिलेला राहील.

१७ जानेवारी

पारा उणे छप्पन्नच्या खाली. लहान वर्गांना सुट्टी. स्पिरिदोन पीठ आणायला बर्फाच्या रस्त्याने गेला आहे.

दुपारी पिंपातलं पाणी संपलं. एबे गोठ्यात होती. मी अंगणात गेले आणि एक लहान लादी सुटी करायला लागले. उंबऱ्याजवळ पाय सरकला, गुडघ्यावर बसले, झालं काहीच नाही. पण तुयारा नुसत्या झग्यावर बाहेर धावली. माझ्या दंडाला धरून ओढत आत आणलं आणि तोंड पांढरं करून ओरडली, "तुला सांगितलं होतं ना बाहेर जायचं नाही. तू ऐकतच नाहीस. कुणाचंच ऐकत नाहीस."

मग पलंगावर ढकललं, माझे बूट ओढून काढले आणि स्वतःकडे ठेवले. लादी तिनेच आणली.

शिक्षिकेवर, वयाने एवढ्या मोठ्या माणसावर, असं ओरडायचं? मला लागलं. सप्टेंबरपासून निदान मान तरी ठेवत होती. एबेने ऐकलं असणार, दारात उभी होती. नातीला एक शब्द बोलली नाही. उलट तिला जवळ घेऊन तिचे गोठलेले हात स्वतःच्या काखेत धरले.

११ फेब्रुवारी

निर्णय घेतला. मार्चच्या सुट्टीत विमान उतरतं तेव्हा निघायचं आणि यानाकाठी बहिणीकडे जायचं. तिच्याकडे मूल होऊ दे. पुढचं पुढे. कदाचित तिथेच शाळेत जागा मिळेल.

स्पिरिदोनला सांगितलं. तो चाकाची साखळी दुरुस्त करत होता. एक कडी पक्कडीने आवळली. मग म्हणाला, "बहिणीच्या गावात दवाखाना आहे?"

"आहे. घरापासून जवळच."

"मध्ये नदी नाही ना?"

"नाही."

"मग जा," तो म्हणाला. "तिथे बरी राहशील."

मला वाटलं होतं, निदान एकदा तरी थांब म्हणेल.

५ मार्च

आज वर्गात मुलांना आपल्या परिसराचा नकाशा काढायला सांगितला. तळी, कुरणं, रस्ता, आल्दान नदी, पलीकडे जिल्ह्याचं गाव. मुलांनी बरे काढले. तुयाराचा बघून मी चकित झाले. एवढी नीटस मुलगी, आणि आल्दान तिने अख्ख्या कागदभर काढली होती. चारांग एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं, दवाखाना दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दवाखान्याच्या बाजूला एक ट्रक. मी लाल पेन्सिलीने लिहिलं, 'प्रमाण चुकलं', आणि पाचापैकी तीन गुण दिले.

संध्याकाळी एबे दूध काढायला गेल्यावर तिला म्हटलं, "आल्दान एवढी रुंद नाही गं. तुला माहीत आहे."

"मे महिन्यात असते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

ती हातमोजा शिवत होती. मान वर न करता तिने सांगितलं. तिच्या आईच्या पोटात बाळ होतं. नदीच्या बर्फावरचा रस्ता बंद होणार म्हणून सगळे म्हणत होते, आता पलीकडे जा. आई म्हणाली, अजून वेळ आहे, गाय विणार आहे, ती मोकळी झाली की जाते. मग बर्फ फुटला. बाबा सामान आणायला गेलेला, ट्रकसकट पलीकडे अडकला. आईला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. विमान उतरायच्या मैदानात चिखल, विमान वरून फिरून परत गेलं. बाबा पलीकडच्या काठावर उभा होता. दुर्बिणीतून दिसायचा.

"बाळ पण गेलं," तुयारा म्हणाली. "मी एबेबरोबर काठावर जायचे आणि बाबाला हात करायचे. त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं, आम्ही सगळं ठीक आहे म्हणून हात करतोय."

ती पुढे म्हणाली, "तू बहिणीकडे जा. तिथे मध्ये नदी नाही. बाबा म्हणाला."

मग दोरा तोडला आणि मला विचारलं, "तीन गुण म्हणजे काठावर पास ना?"

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने घेऊ दिलं, पण सुई बाजूला धरून, मला टोचू नये म्हणून.

६ मार्च

रात्रीपासून मागची पानं चाळते आहे. कुऱ्हाड. काळीज. धुक्यात करकरणारे बूट. इतकं शिकलेली मी, आणि मला घाबरलेली माणसं ओळखता आली नाहीत. मला वाटलं, रागावलेली आहेत.

सकाळी नकाशावरचा शेरा खोडला. लिहिलं, 'मे महिन्यासाठी बरोबर', आणि पाच गुण केले.

स्पिरिदोनला म्हटलं, "मी यानाला जात नाहीये. तुमच्याजवळ राहते. एप्रिलमध्ये, रस्ता पक्का असतानाच, मला नदीपलीकडे पोचव. मी तिकडे थांबेन. दोन महिने तर दोन महिने."

तो म्हणाला, "विमानाने बहिणीकडे जाणं सोपं पडेल तुला."

"मला सोपं नकोय. तू जा म्हणालास म्हणून जात होते."

"मी कशाला म्हणेन जा," तो म्हणाला, "पण मला थांब म्हणायची भीती वाटली. तिला मी थांब म्हणालो होतो. गाय विऊ दे, मग जाऊ, असं मीच म्हणालो होतो." आणि मग हा मोठा माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. केसांना डिझेलचा वास येतो. आता मळमळत नाही.

१६ एप्रिल

आज आलो. जिल्ह्याच्या गावात स्पिरिदोनच्या मावसबहिणीने एक खोली दिली आहे.

सकाळी बोचकं घेऊन बाहेर आले तर ट्रकमध्ये एबे आधीच बसलेली. मांडीवर गाठोडं, तोंडात पाईप. मी म्हटलं, "एबे, तुम्ही कुठे?"

"पलीकडे."

"आणि गाय? ती तर विणार आहे."

"विऊ दे. शेजारीण बघेल. मागच्या वेळी गाईपाशी बसले होते, पुरे झालं." मग म्हणाली, "चढ आता, की उत्तरेकडच्यांना गाडीतही कुणी उचलून ठेवावं लागतं?"

तुयारा शाळेसाठी मागे राहणार होती. पण काठापर्यंत आली. तिथे उतरली आणि म्हणाली, "मी इथेच थांबते. तुम्ही पलीकडे पोचलेलं मला बघायचंय." स्पिरिदोनने तिला दुर्बीण दिली.

बर्फावर वितळलेल्या पाण्याची हात-दोन हात रुंद डबकी होती. बर्फ खचला तर उडी मारता यावी म्हणून स्पिरिदोन दार उघडं ठेवून चालवत होता, चालवायची हीच रीत आहे या दिवसांत. मी आणि एबे एकमेकींचा हात धरून बसलो होतो, कुणी आधी धरला सांगता येणार नाही. पलीकडचा चढ चढून ट्रक थांबला. मी उतरले आणि दोन्ही हात वर करून हलवत राहिले, पोटासकट नाचावं तशी. पलीकडे काळा ठिपका. थोड्या वेळाने तो ठिपकाही उड्या मारायला लागला.

स्पिरिदोन तिला घेऊन घरी परतला. सुखरूप पोचल्याचा फोन सरकारी कचेरीत संध्याकाळी आला.

२२ मे

नदी फुटली. दुपारी तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि सगळं गाव काठावर धावलं. घराएवढाले बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते, झाडं मुळासकट वाहत होती. मुलं टाळ्या वाजवत होती. दरवर्षी मीही वाजवायचे.

एबे दगडावर बसून बघत होती. म्हणाली, "या आवाजाला मी तीन वर्षं शिव्या देते. नदीचा काय दोष, तिला समुद्राला जायचंय." जरा वेळाने म्हणाली, "लुकेर्याला मासा आवडायचा. तुझ्यासारखी नाटकं नव्हती तिची."

मी म्हटलं, "मला सांगा तिच्याबद्दल."

सांगत राहिली. लुकेर्या हसरी होती, आळशी होती, सुईकामात ढ होती, गाणं छान म्हणायची. पाय गार पडेपर्यंत आम्ही बसलो. परतताना एबेने प्रथमच मला 'पोरी' म्हटलं. खरं तर "पोरी, बघून चाल, चिखल आहे" एवढंच म्हणाली.

७ जून

मुलगा झाला. परवा पहाटे. कळा फार लांबल्या, एकदा डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झालेला पाहिला, मग मी बघणं सोडून दिलं. आता तो माझ्या कुशीत आहे. स्पिरिदोनसारखे कान.

प्रसूतीच्या वॉर्डात बाहेरच्या कुणाला येऊ देत नाहीत. लोक खिडकीखाली उभे राहून बोलतात. काल सकाळी पहिली बोट सुटली, आणि दुपारी खिडकीखाली स्पिरिदोन आणि तुयारा उभे. मी बाळाला काचेजवळ धरलं. स्पिरिदोनने टोपी काढली आणि तशीच हातात धरून राहिला. तुयाराने बाळाकडे एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडेच बघत राहिली. खिडकीच्या वरच्या झडपेतून ऐकू आलं, "तुला दुखतंय का?" मी म्हटलं, थोडं. "चालता येतं? चालून दाखव." मी खोलीत चालून दाखवलं. "परत," ती म्हणाली. मी परत चालले. मग ती गवतात बसली आणि रडली, आणि स्पिरिदोन तिच्याजवळ बसला.

आज तिसरा दिवस. सकाळीच एबे आली, चांगला झगा आणि चांदीचे जुने दागिने घालून, हातात लोण्याचा वाडगा. बरोबर तुयारा. पुरुष नाही. एबेने झडपेतून मला सांगितलं की बाळंतिणीजवळ आयीसित देवी तीन दिवस राहते, तिसऱ्या दिवशी बायकांनी हसून तिची पाठवणी करायची, म्हणजे ती पुन्हा आनंदाने येते. मला माहीत होतं, माझी आजीही करायची. पण आता हे कुणी उघड करत नाही, दवाखान्याच्या अंगणात तर नाहीच.

"लुकेर्याच्या वेळी देवीला तशीच जाऊ दिली," एबे म्हणाली. "हसणार कोण?"

मग तिने लोण्याचं बोट तुयाराच्या गालाला लावलं, स्वतःच्या गालाला लावलं, आणि हसायला सुरुवात केली. आधी नुसतं हा, हा, हा, पाठ म्हणावा तसं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हा, हा, हा करत होती. तुयारा गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. मग तीही हा, हा करू लागली. मग एबेला ठसका लागला, पाईप गवतात पडला, तो उचलायला वाकली तर लोण्याचा वाडगाच कलंडला, आणि तुयाराला खरं हसू फुटलं. पोट धरून, खाली बसून. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या खिडकीत एक बाळंतीण आली आणि हसू लागली, मग तिच्या पलीकडची. मला टाके दुखत होते, मी एका हाताने पोट दाबून, दुसऱ्याने बाळाला धरून हसत होते. नर्स ओरडायला आली. दारात उभी राहिली आणि तिचे ओठ थरथरायला लागले.

बाळ जागं झालं, रडलं नाही. कुणाचा हा आवाज, असं तोंड करून ऐकत राहिलं.